सांभाळबाई डोंगरावर

बसस्थानकावर तिला सगळे सांभाळबाई म्हणायचे. नाव इतकं अंगवळणी पडलं होतं की हजेरीच्या वेळी साहेबांनी खरं नाव उच्चारलं, की तीच मागे वळून बघायची, ह्या कोणत्या बाईला बोलावतायत म्हणून.

चौकशीच्या खिडकीमागे तिची खोली. खोली कसली, कपाटाला दार लावून आत पंखा टांगावा तसला प्रकार. समोर माईक, वर काच, काचेपलीकडे फलाट. तिथे बसून ती दिवसभर गाड्या पुकारायची. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी फलाटावर येत आहे. मागे सरका, सांभाळून.’ यातली पहिली दोन वाक्यं कार्यालयाची. तिसरं तिचं स्वतःचं.

हे तिसरं वाक्य आलं ते नवऱ्यानंतर. नवरा त्याच आगारात मिस्त्री होता. एके दिवशी फलाटाशी वाकून काहीतरी उचलत होता आणि एक गाडी पीं पीं करत मागे आली. गाडी मागे घेणाऱ्याला तो दिसला नाही, आणि काचेआड बसलेल्या हिला दिसला, पण तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. कामावर परत आली त्या दिवसापासून तिनं हे वाक्य जोडलं. साहेब म्हणाले, “हे नियमात बसत नाही.” ती म्हणाली, “नसू दे.” साऱ्या नोकरीत तिनं साहेबांना दिलेलं तेवढंच उलट उत्तर.

आणि गंमत अशी, की लोक खरंच मागे सरायचे. कॉलेजची टगी पोरं असोत, शिपाई असोत, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका असोत; आवाज आला की फलाटभर सगळ्यांचे पाय अर्धं पाऊल मागे जायचे. आपण सरकलो हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

सरकायची नाही ती एकटी तिची लेक. लहानपणी शाळा सुटली की ती भोंग्याखालच्या बाकावर बसून गणितं सोडवायची. घरी आई स्वयंपाकघरातूनही पुकारायची, “दूध वर येतंय, मागे सरका!” लेक ढिम्म. तिच्या लेखी तो आवाज आणि पंख्याची घरघर सारखीच.

सांभाळबाई भित्री होती, हे काही लपवण्यासारखं नव्हतं. लिफ्ट, कुत्रं, विजेचं बटण, अवेळी वाजलेला फोन, कशालाही ती भ्यायची. गॅस बंद केल्यावर पुन्हा बघायची आणि कुलूप लावल्यावर जिन्यातून परत यायची. साऱ्या जगाला गाडीत बसवून देणारी ही बाई स्वतः मात्र कधी लांबच्या गाडीत बसली नव्हती. वळणांवर गाडी दरीत जाते, असं तिचं पक्कं मत होतं.

आणि अशा बाईची लेक डोंगरावर जाऊन बसली.

लेक नर्स होती. डोंगराच्या माथ्यावर कुठल्याशा कंपनीला खाण काढायची होती. माथा गेला की खिंडीतला झरा जाणार आणि खालच्या वस्त्यांचं पाणी तुटणार, म्हणून वस्त्यांमधली माणसं खाणीकडे जाणाऱ्या एकुलत्या एक रस्त्यावर ठाण मांडून बसली होती. लेक तिथे चार म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायला म्हणून गेली, ती तिथलीच झाली. सुरुवातीला फोन यायचा. “आई, इथे दुसरं कुणी नाहीये गं.” मग फोनही लागेना.

अशात एका संध्याकाळी सांभाळबाईचा भाऊ आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, “ताई, खोदायचं मशीन पोचलंय तिथे. पोलीस पण आलेत. चार-आठ दिवसांत रस्ता मोकळा करणार. आणि तुझी पोरगी म्हणे सगळ्यात पुढे बसते.”

तिनं बंद गॅस पुन्हा एकदा बघितला.

“कान धरून घेऊन ये तिला,” भाऊ म्हणाला. “मीच गेलो असतो गं, पण कंबर धरलीये.” भावाची कंबर अशीच नेमक्या वेळी धरायची. तिनं पिशवी भरायला घेतली. नवऱ्याच्या वेळी आपण बघत बसलो, आता लेकीच्या वेळी बघत बसायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. लेकीला घरी आणायचं, मशीन हलायच्या आत.

सकाळी गाडीत बसली तेव्हा भोंग्यावरून तिकीटवाल्या कारकुनानं गाडी पुकारली. कशीबशी, नाकातून. ‘मागे सरका, सांभाळून’ म्हणालाच नाही. तिच्या मनात लगेच पाल चुकचुकली. उतरावं असं वाटेपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडली.

वाटभर तिनं पुढच्या सीटची दांडी सोडली नाही. घाट लागला तशी खिडकीबाहेर दरी आली आणि ड्रायव्हर एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं कान कोरू लागला. तिनं डोळे मिटून घेतले. मिटल्यावर जास्त भीती वाटली म्हणून उघडले. शेजारचा म्हातारा म्हणाला, “बाई, जरा माझा हात सोडता का? मुंग्या आल्यात.” दांडी समजून तिनं त्याचंच मनगट धरलं होतं.

शेवटच्या थांब्यावर ती एकटीच उतरली. पुढे रस्त्यावर लोखंडी अडथळे आणि खुर्ची टाकून बसलेला एक हवालदार. येताना तिनं तीन-चार थापा जुळवून ठेवल्या होत्या. हवालदारानं “कुठे?” एवढंच विचारलं आणि तिच्या तोंडून खरंच निघालं.

“लेकीला परत न्यायला आलेय हो.”

“न्या, न्या,” हवालदाराचा चेहरा उजळला. “लवकर न्या. एकदा का हुकूम आला की मग…” पुढचं तो बोलला नाही, बाटलीतलं पाणी प्यायला. ते न बोललेलंच तिला सगळ्यात वाईट वाटलं. ती चार पावलं गेली असेल, तेवढ्यात तो मागून ओरडला, “बाई, तुमचा आवाज ओळखीचा वाटतो!” आपल्याला पकडणार असं समजून ती जवळजवळ पळतच सुटली.

आणि पहिल्या वळणावर मशीन उभं होतं.

पिवळं. घराएवढं. त्याचा लांब हात दुमडून जमिनीला टेकलेला आणि हाताच्या टोकाला दातांचा पंजा. दातांना वाळलेली माती चिकटली होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी सांभाळबाई रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेनं, अंग चोरून, श्वास रोखून गेली. पुढे गेल्यावरही मशीन मागून हललं तर काय, म्हणून उलट्या पावलांनी चढत राहिली.

वर ताडपत्र्यांचे चार-पाच आडोसे, दगडांची चूल, पाण्याचे पिंप. लेक एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधत होती. आईला पाहून तिच्या हातातली कात्री पडली.

“आई! तू? गाडीनं? एकटी?”

“सामान भर,” सांभाळबाई म्हणाली. एवढं बोलली आणि मटकन खाली बसली.

बसली तोच भोवती माणसं गोळा झाली. दोन वाक्यं बोलेपर्यंत एका बाईनं ओळखलं. “अगं बाई, ही तर स्टँडवरची! आमची गाडी पुकारते ती!” मग काय, एकच कल्ला. या आवाजानं कुणाला दवाखान्याच्या गाडीत बसवलं होतं, कुणाच्या पोरीला सासरच्या. सगळ्यांनी आग्रह धरला, म्हणून दाखवा. ती लाजली, घसा खाकरला आणि म्हणाली, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी फलाटावर येत आहे. मागे सरका, सांभाळून.”

सगळे अर्धं पाऊल मागे सरले. चुलीपाशी डाव घेऊन उभी असलेली बाईसुद्धा. मग एकमेकांकडे बघून जी हसली माणसं, की सांभाळबाईलाही घटकाभर भीतीचा विसर पडला.

तळावरचा कारभार मुकादम बघायचा. दुसऱ्या एका खाणीवर आयुष्य काढलेला माणूस. सुरुंगांच्या आवाजानं त्याचा एक कान गेला होता, त्यामुळे तो सगळ्यांशी भांडल्यासारखं बोलायचा. “इथे आलेल्याला काम मिळतं,” तो ओरडला. “तुमचं ठरलं. हा हातातला भोंगा तुमच्याकडे.”

“अहो, मी राहायला नाही आले! हिला घेऊन उतरणार आहे.”

“दुसरी नर्स यायचीये,” लेक म्हणाली. “ती आली की मी निघते, आई. शप्पथ. नाहीतर तू हो पुढे.”

एकटीनं परत त्या मशीनजवळून जायचं, त्या घाटातून. जायचीही भीती आणि राहायचीही. सांभाळबाई राहिली.

तळावरचा नियम एकच होता आणि मुकादमानं तो तिला चारचारदा ऐकवला. मशीन निघालं की सगळ्यांनी रस्त्यावर बसायचं, शेजारच्याच्या कोपरात कोपर अडकवायचं आणि काही झालं तरी उठायचं नाही, धावायचं तर नाहीच. “आमच्या खाणीवर असेच मशीनपुढे बसलेले लोक उठले होते,” तो म्हणाला, आणि एवढंच त्यानं हळू आवाजात सांगितलं. “एक उठला म्हणून दुसरा उठला. मग पळापळ. माझा भाऊ त्या पळापळीत पायाखाली आला. मशीननं नाही मारला, आम्ही मारला. बसलेला माणूस ड्रायव्हरला दिसतो. म्हणून तुम्ही भोंग्यावरून दोनच शब्द बोलायचे. बसून राहा. बस्स.”

दोन शब्द. ती पिंपामागे जाऊन म्हणून बघायची. बसून राहा. बसून राहा. जीभ अडायची. उभा जन्म तिनं लोकांना सरका म्हणून सांगितलं होतं. येणाऱ्या यंत्रापुढे माणसांना बसा म्हणायचं, हे तिच्या तोंडातून निघेना. निघालंच तर चोरीचा माल विकावा तसं निघायचं.

रोज सकाळी खाली मशीन सुरू व्हायचं. इंजिन गरम ठेवायला म्हणे थोडा वेळ चालवतात आणि बंद करतात. सगळ्यांना सवय झाली होती. सांभाळबाईला होईना. घरघर सुरू झाली की तिच्या हातातला चहा हिंदकळायचा, बंद झाली की ती उरलेला प्यायची. खाली पोलिसांची एखादी गाडी वाढली की ती पुन्हा पुन्हा मोजायची. झाडावरून फांदी पडली तरी ती लेकीचा दंड धरायची.

“चल ना गं घरी,” ती रोज म्हणायची. “माझे आई, पाया पडते तुझ्या.”

“नर्स येऊ दे.”

“तुला भीतीच वाटत नाही का गं? बापावर गेलीस अगदी.”

लेक पाठ फिरवून पट्ट्या गुंडाळत बसायची. गुंडाळलेली पट्टी सोडायची, पुन्हा गुंडाळायची. “कामं पडलीत, आई,” एवढंच म्हणायची. सांभाळबाईला तिचा रागही यायचा आणि थोडा अभिमानही वाटायचा, पण भीती दोन्हींच्या वर. नर्स येत नव्हती. खाली अडवत असतील, असं सगळे म्हणायचे.

मग ती सकाळ आली. धुकं होतं. खाली मशीन सुरू झालं. सांभाळबाई हातात कप धरून ते बंद व्हायची वाट बघत राहिली. चहा निवला. घरघर थांबली नाही. उलट जवळ आली.

“बसा!” मुकादम ओरडला.

माणसं ताडपत्र्यांखालून निघाली आणि रस्त्यावर ओळी धरून बसली. लेक पहिल्या ओळीत, मधोमध. सांभाळबाईच्या हातात कुणीतरी भोंगा दिला आणि तिला कडेच्या दगडावर उभं केलं.  खालून पोलीस आले, काठ्या आडव्या धरून. त्यांच्यात तो हवालदारही होता. साहेबानं कागद वाचला, निघून जा म्हणाला. कुणी हललं नाही. मग धुक्यातून तो पिवळा हात वर आला.

“बोला!” मुकादमानं ओळीतून हात केला. “बोला, बाई!”

तिनं भोंगा तोंडाशी नेला. आवाज निघेना.  तेव्हा काचेआड झालं होतं तसंच.

तळाच्या खालचं वळण अरुंद होतं. एवढं मोठं मशीन एका दमात वळेना. ड्रायव्हरनं ते थांबवलं आणि नीट वळायला थोडं मागे घेतलं. मागे जाताना ते वाजू लागलं. पीं. पीं. पीं. पीं.

तो आवाज कानात शिरला आणि सांभाळबाई डोंगरावर राहिलीच नाही. ती काचेआड होती, समोर फलाट होता, फलाटाशी कुणीतरी वाकलेलं होतं. तिचं तोंड आपोआप उघडलं.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! गाडी फलाटावर येत आहे! मागे सरका, सांभाळून! मागे सरका!”

माणसं उठली. एकाच वेळी, कोपरं सोडवून, सगळीच्या सगळी उठली आणि रस्त्याच्या कडेला मागे सरली. डाववाली बाई सरली. मुकादमानं अर्धंच ऐकलं होतं, पण शेजारचे उठले म्हणून तोही उठला आणि सरला. खाली पोलीससुद्धा सरले. हवालदार तर साहेबाच्या बुटावर पाय देऊन सरला. रस्ता मोकळा झाला, कंपनीला हवा होता अगदी तसा.

मधोमध एकटी लेक बसून राहिली होती.

मशीन वळून सरळ झालं. पीं पीं बंद झाली आणि ते पुढे निघालं. सांभाळबाईला कळलं आपण काय केलं ते. जगाला हलवणारं वाक्य तिनं उच्चारलं होतं आणि ज्या एका जिवासाठी ते जन्मभर उच्चारलं, तोच जागचा हलला नव्हता. ती “ऊठ!” म्हणून किंचाळली. भोंगा कधीच हातातून पडला होता. लेक उठली नाही. गुडघे छातीशी घेऊन समोर बघत होती.

सांभाळबाई धावली. तळावर कुणी धावायचं नाही, आणि ती पदर सुटलेला, चपला पायातून गेलेल्या, दगडांवरून ठेचकाळत धावली. लेकीपाशी पोचली आणि तिला काखेत धरून ओढू लागली. लेक दगडासारखी जड. ओढता ओढता हिचाच तोल गेला आणि ती लेकीला बिलगून खाली बसली. दातांचा पंजा समोर आला. दातांवरची वाळलेली माती दिसली, मातीत अडकलेलं गवताचं मूळ दिसलं. तिनं लेकीचं डोकं आपल्या कुशीत दाबलं आणि डोळे मिटले.

मशीन थांबलं. इंजिन चालूच होतं, जमीन थरथरत होती. वरून ड्रायव्हर ओरडला, “अहो आजी, बाजूला व्हा ना! मला दिसताय तुम्ही!” त्याचाही आवाज चिरकला होता.

कडेच्या माणसांना तेवढ्यात भान आलं. पहिल्यांदा मुकादम आला, मान खाली घालून, आणि सांभाळबाईच्या कोपरात कोपर अडकवून बसला. मग डाववाली. मग पायाला पट्टी बांधलेली म्हातारी. बघता बघता ओळी भरल्या. “पोरगी बघा!” मागून कुणीतरी म्हणालं. “सगळे पळाले, पण ती हलली नाही. वाघीण आहे!”

सांभाळबाईनं लेकीच्या कानाशी तोंड नेलं. “अगं, उठली का नाहीस? मी ओरडत होते ना!”

लेकीचे दात वाजत होते. “ऐकलं मी,” ती कुजबुजली. “उठायचंच होतं मला. पायच उचलेना, आई. पायांत जीवच नव्हता.”

सांभाळबाईनं सुटलेला पदर तिच्या खांद्यांवर टाकला.

“रोजच असं होतं,” लेक म्हणाली. “रोज सकाळी ते मशीन सुरू झालं की होतं. तुला कसं सांगणार? तू आधीच…” तिनं आईचा हात दोन्ही हातांत धरला. हात बर्फासारखे गार होते. “मला घरी ने. आत्ता. मला नाही राहायचं इथे.”

हेच ऐकायला ती घाट चढून आली होती. एवढं एक वाक्य लेकीच्या तोंडून यावं म्हणून तिनं रोज पाया पडून विनवलं होतं. तिनं मान वळवून मागे बघितलं. पट्टीवाली म्हातारी या दोघींच्या पाठींकडे बघत होती. मुकादम समोर बघत होता, पण त्याचं कोपर तिच्या कोपरात थरथरत होतं. आता या दोघी उठल्या असत्या तर सगळेच उठले असते, आणि या वेळी घाईनं, पळत. कोण कुणाच्या पायाखाली आलं असतं, कुणास ठाऊक. आणि ही पोरगी तर स्वतःच्या पायावर उभीही राहू शकत नव्हती.

“नेते,” सांभाळबाई म्हणाली. “आपली गाडी आली की मी सांगेन तुला. मी चुकवलीये का कधी कुणाची गाडी?”

समोर इंजिन पुन्हा गुरगुरलं. पंजा थोडा वर उचलला गेला. मांडीखालची जमीन हलल्यासारखी वाटली, आणि सवयीनं ‘मागे सरका’ ओठांपर्यंत आलंही. तिनं ते गिळलं. लेकीचं डोकं आणखी जवळ घेतलं.

“तोवर बसून राहा,” ती लेकीच्या कानात म्हणाली. “बसून राहा, माझ्या राणी. बसून राहा.”